लाल टोपण, केशरी टोपण

आमच्या बंडूला मधुमेह झाल्याचे आम्हाला सर्वांत आधी मुंग्यांनी सांगितले. बंडू हा नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला, केशरी पट्ट्यांचा बोका. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो अधूनमधून वाळूचा ट्रे सोडून मोरीच्या कोपऱ्यात लघवी करू लागला आणि त्या कोपऱ्याकडे काळ्या मुंग्यांची रांग लागू लागली. साबणाच्या पाण्याने जागा घासून काढली तरी दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा हजर असे. माझी आई स्वतः सोळा वर्षे इन्सुलिन घेते. तिने ती रांग पाहिली आणि एवढेच म्हणाली, "अरे, याची साखर बघून घे." मूत्राला मुंग्या लागणे ही प्रमेहाची पूर्वखूण म्हणून चरकसंहितेत सांगितलेली आहे, हे मला पुढे वाचताना कळले. आईला ती खूण तिच्या आजीकडून ठाऊक होती.

मग मागे वळून पाहिले तेव्हा एकेक गोष्ट ध्यानात आली. दिवसाकाठी पाण्याची वाटी एकदा भरायची ती आम्ही तीनदा भरत होतो. बंडू पूर्वीपेक्षा जास्त खात होता आणि तरीही त्याच्या पाठीचे मणके हाताला लागू लागले होते. ६.९ किलोचे त्याचे वजन ५.४ वर आले होते आणि आम्ही मात्र "बरे झाले, जरा हलका झाला" असे म्हणत होतो. सर्वांत चटका लावणारी गोष्ट त्याच्या चालण्याची होती. मांजर बोटांवर चालते, पण बंडू मागच्या पायांचा घोट्यापर्यंतचा सगळा भाग जमिनीला टेकवून चालू लागला होता. वाढलेल्या साखरेने पायांच्या नसा दुबळ्या झाल्या की मांजरे अशी चालतात. आम्ही ते म्हातारपण समजलो होतो.

दवाखान्यात त्याची साखर ४१२ भरली. (हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचे. निरोगी मांजरात हा आकडा साधारण ७० ते १५० च्या आसपास असतो.) मी लगेच औषध विचारले, तेव्हा डॉक्टरांनी मला थांबवले. पिंजऱ्यात घालून, रिक्षातून आणून, कुत्र्यांच्या भुंकण्यात टेबलावर धरून ठेवलेल्या मांजराची साखर केवळ भीतीने तीनशेच्या वर जाऊ शकते, म्हणून एका आकड्यावर निदान करायचे नाही, असे त्यांनी सांगितले. माणसात तीन महिन्यांची सरासरी पाहतात, तशी मांजरात फ्रुक्टोसामाइन ही तपासणी करतात. तिच्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर कळते आणि त्या दिवसाच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही. तो अहवाल वाढलेला आला, लघवीतही साखर सापडली, पण कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागले की साचणारे पदार्थ) नव्हते. कीटोन असते तर घरी न येता तिथेच सलाइनवर राहावे लागले असते.

आदल्या वर्षी हिरड्यांच्या सुजेसाठी बंडूला दोनदा लांब पल्ल्याचे स्टिरॉइड इंजेक्शन दिले गेले होते. स्टिरॉइडमुळे इन्सुलिनचे काम अडते, आणि बंडूसारख्या जाड, घरातच बसून राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या बोक्यात मधुमेहाला तेवढे निमित्त पुरते. ते इंजेक्शन देताना हा धोका मला कोणीतरी सांगायला हवा होता, असे मला आजही वाटते. सुजेवर दुसरा उपाय झाला असता की नाही हे निराळे. पण निदान मी पाण्याच्या वाटीकडे वेळेवर लक्ष दिले असते.

डॉक्टरांनी ग्लार्जिन हे इन्सुलिन सुरू केले, तेच जे माणसांसाठी औषधांच्या दुकानात मिळते. सुरुवात एका युनिटने, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. मांजराच्या शरीरात हे इन्सुलिन माणसापेक्षा लवकर संपते, म्हणून ते दिवसातून दोनदा द्यावे लागते. कुपी फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवायची, गोठू द्यायची नाही, हलवायची नाही, आणि पाण्यासारखे स्वच्छ असलेले द्रव गढूळ दिसले तर टाकून द्यायचे, अशा सूचना मी कागदावर उतरवून फ्रिजवर लावल्या. टोचायला मला आईने शिकवले. पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता, तेव्हा ती शेजारी बसून म्हणाली, "घाबरत घाबरत टोचलंस तर जास्त दुखतं. सुई एकदम घाल आणि औषध सावकाश ढकल." कुशीकडची सैल कातडी चिमटीत धरून वर उचलली की तिचा छोटा तंबू होतो आणि त्याच्या पायथ्याशी सुई घालायची असते. बंडू तोवर बशीत तोंड घालून खात होता, त्याने मान वर करूनही पाहिले नाही. ती सुई अगदी बारीक असते. नंतर बोटाने केस चाचपून पाहायचे. ओले लागले तर औषध बाहेर सांडले असे समजायचे आणि तरीही दुसऱ्यांदा टोचायचे नाही. एक वेळ चुकली तर बारा तास साखर चढेल एवढेच, पण दुप्पट गेले तर मांजर हातचे जाऊ शकते.

टोचण्यापेक्षा कठीण काम रक्ताचा थेंब काढण्याचे आहे आणि माझ्या मते या आजारात घरी शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच. मांजराच्या कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. बंडूचा कान खिडकीच्या उजेडासमोर धरला की ती गुलाबी पडद्यावरच्या लाल रेघेसारखी स्पष्ट दिसते. शीर आणि कानाची कड यांच्या मधल्या पट्टीत टोचायचे, खुद्द शिरेत नव्हे. कान गार असेल तर रक्त येत नाही, म्हणून जुन्या मोज्यात मूठभर तांदूळ घालून, गाठ मारून, ती पुरचुंडी तव्यावर कोमट करून मी मिनिटभर कानाला लावतो. मग कडेला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवायचा, म्हणजे रक्त केसांत न पसरता मोहरीएवढा गोल थेंब होऊन उभा राहतो. कानामागे कापसाचा बोळा धरायचा, नाहीतर सुई आरपार आपल्याच बोटात जाते. पहिल्या आठवड्यात मी साखर मोजायच्या यंत्राच्या चौदा पट्ट्या वाया घालवल्या. तिसऱ्या आठवड्यापासून एकही नाही. टोचून झाल्यावर कान दाबून धरायचा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा एक तुकडा द्यायचा, हा क्रम मी एकदाही मोडलेला नाही.

आईचेच यंत्र मी बंडूसाठी वापरतो, पण त्यात एक मेख आहे. रक्तातील साखर पेशी आणि त्यांच्याभोवतीचा द्रव यांत विभागलेली असते. मांजरात तिचा फार मोठा भाग द्रवात असतो, माणसात तुलनेने जास्त साखर पेशींत असते, आणि माणसांसाठी बनवलेले यंत्र माणसाच्याच प्रमाणानुसार हिशेब मांडते. त्यामुळे ते मांजराची साखर खरी असते त्यापेक्षा कमी दाखवते. प्राण्यांसाठी वेगळी यंत्रेही असतात. डॉक्टरांनी आमच्याच यंत्राच्या हिशेबाने दोन मर्यादा लिहून दिल्या, एक "या खाली असेल तर टोचू नका, फोन करा" आणि दुसरी "या खाली असेल तर आधी मध, मग फोन". यंत्र बदलले तर या मर्यादाही बदलतील, म्हणून मी ते बदललेले नाही.

खाण्याविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्याकडून सर्वांत जास्त चुका तिथे झाल्या होत्या. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे आणि पिष्टमय पदार्थ पचवून वापरण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात दुबळी असते. आम्ही मात्र बंडूपुढे दिवसभर कोरड्या दाण्यांची वाटी भरून ठेवत होतो आणि वर चहाच्या वेळी दुधात बुडवलेले बिस्किट, रात्री दूधपोळी. (मांजराला गोड चव कळतच नाही, ती ओळखणारे एक जनुक मांजरांत निकामी झालेले आहे. बंडू बिस्किटासाठी येत होता तो दुधाच्या वासाने.) पाकिटावर पिष्टाचे प्रमाण बहुधा छापलेले नसते, पण ते काढता येते. प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजे) यांची टक्केवारी मिळवून ती शंभरातून वजा करायची. आमच्या कोरड्या दाण्यांचा हिशेब ३२, १०, ४, १० आणि ८ असा होता, म्हणजे उरले ३६. एक तृतीयांशाहून अधिक पिष्ट आम्ही त्याला वर्षानुवर्षे खाऊ घालत होतो. आता तो ओले खाणे खातो, त्यातला पाण्याचा भाग वगळून पिष्ट दहा टक्क्यांच्या आसपास येते. नुसते उकडलेले चिकन देणे मला सोपे वाटले होते, पण त्यात कॅल्शियम पुरेसे नसते आणि उकळताना टॉरिन हे मांजराला अत्यावश्यक पोषकद्रव्यही पाण्यात जाते, म्हणून ते फक्त बक्षिसापुरते, तेही कांदा-लसणाशिवाय. एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची आहे. इन्सुलिन चालू असताना पिष्ट एकदम कमी केले तर इन्सुलिनची गरजही झपाट्याने घटते, आणि जुनाच डोस चालू ठेवला तर साखर धोक्याच्या खाली जाते. आम्ही खाणे दहा दिवसांत थोडेथोडे बदलले आणि त्या दहा दिवसांत रोज चार वेळा साखर पाहिली. जाड मांजराला उपाशी ठेवून वजन उतरवण्याचा विचारही करू नये. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराचे यकृत चरबीने भरून निकामी होऊ शकते.

आता त्या संध्याकाळविषयी, जिच्यामुळे मी हे लिहायला बसलो. गुढीपाडव्याचा दिवस होता. घरात बारा माणसे जेवायला होती. तेव्हा बंडूचा डोस दोन युनिटांवर आला होता. सात वाजता साखर पाहिली, २६८ होती. बंडूच्या सुयांचे पाकीट उघडले तर ते रिकामे. मी आईच्या पाकिटातली एक सुई काढली, दुसऱ्या रेघेपर्यंत औषध ओढले, टोचले आणि पाने वाढायला गेलो.

साडेआठला आई स्वतःचे इन्सुलिन घ्यायला बसली आणि तिने मला हाक मारली. "माझ्या पाकिटातली एक सुई कमी आहे. तू घेतलीस का रे?" मी हो म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले आणि हातातल्या सुईचे टोपण वर धरले. ते लाल होते.

आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन दोन ताकदींचे मिळते. आईच्या कुपीत दर मिलिलिटरला ४० युनिटे असतात आणि तिच्या सुईचे टोपण लाल असते. बंडूच्या ग्लार्जिनमध्ये दर मिलिलिटरला १०० युनिटे असतात आणि त्याची सुई केशरी टोपणाची. सुईवरची रेघ ही औषधाची नव्हे, जागेची असते. लाल सुईची एक रेघ म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग. त्यात १०० ताकदीचे औषध भरले की एका रेघेत अडीच युनिटे मावतात. बंडूला दोनऐवजी पाच युनिटे गेली होती.

पाहुणे जेवत असताना मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "खातोय का?" हा. तो खात होता. त्यांनी सांगितले की आता ओले खाणे बाजूला ठेवून कोरडे दाणेच द्या, पिष्ट आता उपयोगी पडेल, दर अर्ध्या तासाने साखर पाहा, आणि झटका आला किंवा साखर वर येईना तर रात्रपाळीच्या दवाखान्यात थेट निघा. नऊ वाजता साखर ९६ होती. दहाला ७४. साडेदहाला ५८, आणि तेव्हा तो उठून उभा राहिला तो एका अंगाला कलला, त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. बोटावर मध घेऊन मी त्याच्या हिरड्यांवर चोळला. घशात काही ओतायचे नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि झटका येत असेल तर तोंडात बोटही घालायचे नाही. दहा मिनिटांत तो सावरला आणि दाणे खाऊ लागला. पण मधाचा परिणाम थोडाच वेळ टिकतो आणि ग्लार्जिनचा पुष्कळ तास, म्हणून धोका टळला असे समजून झोपता येत नाही. अकराला ८२, साडेबाराला पुन्हा ६१, पुन्हा मध. पाहुणे कधी गेले मला कळले नाही. आई स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन माझ्याबरोबर बसली होती आणि प्रत्येक आकडा वहीत तीच लिहीत होती. पहाटे चारला ९४, सातला १३७. सकाळचा डोस डॉक्टरांनी वगळायला सांगितला.

त्याच दिवशी आम्ही आईचा डबा देवघराशेजारच्या कपाटात आणि बंडूचा डबा बाहेरच्या खोलीत अशी फाळणी केली. बंडूच्या कुपीला मी केशरी दोरा गुंडाळला आहे. त्याच्या सुयाही आता वेगळ्या, ०.३ मिलिलिटरच्या आणि अर्ध्या युनिटाच्या रेघा असलेल्या आणतो, कारण एवढ्या लहान प्राण्यात अर्ध्या युनिटानेही फरक पडतो. दुकानदाराने "तीच आहे, चालेल" म्हणून दुसरी सुई पुढे केली तरी मी घेत नाही. ज्यांच्या घरात माणूस आणि मांजर दोघेही इन्सुलिनवर आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की आजच दोन्ही पाकिटे काढून टोपणांचे रंग पाहावेत.

त्यानंतरचे महिने शांतपणे मोजण्याचे होते. दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर दोन तासांनी साखर पाहून तिचा आलेख काढायचा, त्यात सर्वांत खालचा आकडा कोणता आणि किती वाजता येतो ते पाहायचे, आणि तो डॉक्टरांना पाठवायचा. डोस ठरतो तो त्या खालच्या आकड्यावरून. सकाळी सातचा एकच आकडा मोठा दिसला म्हणून औषध वाढवणे चूक आहे. ग्लार्जिनच्या एका डोसाचा अंमल पुढच्यावर चढतो, त्यामुळे डोस बदलल्यावर पाच-सात दिवस धीर धरावा लागतो. मला हा धीर शिकायला वेळ लागला. २००९ साली कर्स्टिन रूम्प आणि जॅकी रँड यांनी ५५ मांजरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मालकांनी घरी साखर मोजून ग्लार्जिन दिले होते, आणि ज्यांच्यात ही काटेकोर पद्धत निदानानंतर सहा महिन्यांच्या आत सुरू झाली त्यांपैकी ८४ टक्के मांजरांचे इन्सुलिन सुटले. उशिरा सुरू झालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. तो आकडा वाचल्यापासून रविवारी सकाळी उठण्याचा मला कधी कंटाळा आला नाही.

जूनमध्ये डोस एकावर आला, जुलैत अर्ध्यावर, आणि १९ ऑगस्टला आम्ही शेवटची सुई दिली. पायांना मात्र अधिक वेळ लागला. सप्टेंबरात एका दुपारी आई पोळ्या लाटत असताना बंडू खालून ओट्यावर उडी मारून चढला, बोटांवर उभा, घोटे वर. ओट्यावर चढला की आई त्याला लाटणे दाखवून खाली उतरवत असे. त्या दिवशी तिने लाटणे बाजूला ठेवले आणि पिठाच्याच हाताने त्याचे मागचे पाय चाचपून पाहिले.

इन्सुलिन सुटले म्हणजे मधुमेह गेला असे नव्हे, हे डॉक्टरांनी बजावून सांगितले होते, म्हणून आठवड्यातून दोनदा कान टोचणे चालूच राहिले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी तो कपाटामागे जाऊन बसला, दुसऱ्या दिवशी साखर २३१ आली आणि माझ्या पोटात गोळा उठला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस वाट पाहा. तिसऱ्या दिवशी ती ११८ होती. जानेवारीत मात्र आकडा २९० वर गेला आणि खाली आला नाही. या वेळी आधी तोंड उघडून पाहिले, तर मागची एक दाढ मुळाशी सडली होती. शरीरात कुठेही पू असला की साखर वाढते आणि इन्सुलिन लागू पडत नाही. दाढ काढली, स्टिरॉइड दिले नाही, आणि एका युनिटापासून पुन्हा सुरुवात केली. अलीकडे मांजरांसाठी तोंडाने देण्याची औषधेही निघाली आहेत. बेक्साग्लिफ्लोझिनला अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात आणि व्हेलाग्लिफ्लोझिनला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. मी उत्साहाने विचारले, पण आधी इन्सुलिनवर राहिलेल्या मांजराला ती देऊ नयेत असे डॉक्टरांनी समजावले. तशा मांजरात साखरेचा आकडा बरा दिसत असतानाही रक्तात कीटोन साचून जिवावर बेतू शकते.

आज बंडू ६.१ किलोचा आहे. मोरीचा कोपरा कोरडा आहे. सकाळी सातला साखर १६४ होती, त्याला अर्धा युनिट दिले, केशरी टोपण परत लावून सुई पत्र्याच्या डब्यात टाकली, आणि वहीत आईने तारखेपुढे आकडा लिहिला.